यवतमाळ जिल्ह्यातील स्थलांतर, विवाहसंबंध आणि अपत्यजन्म : काही ऐतिहासिक विचार

विदर्भात जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजाच्या जन्माची नोंद काढावी लागते, तेव्हा माणसे कोतवाल बुकाची नक्कल मिळविण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढतात. गावच्या कोतवालाने जन्म-मृत्यू टिपून ठेवलेली ही बुके विदर्भाच्या सामाजिक इतिहासाचे एक मोलाचे, परंतु अभ्यासकांनी फारसे न हाताळलेले साधन आहे. नक्कल काढावयास आलेला माणूस बहुधा आजोबांच्या गावचे बुक मागतो. आजोबांचे घर त्या गावात, शेत त्या गावात, देवकार्य त्या गावात. परंतु जन्माची नोंद मात्र तेथे नसते. प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या घराण्याच्या बाबतीत हाच अनुभव आला. दारव्हा तालुक्यातील वडिलोपार्जित गावाचे बुक वर्षावर्षाने चाळूनही पणजोबांचे नाव मिळेना. अखेरीस एका वृद्ध आत्याबाईंनी सहज विचारले, “अरे, थोरला मुलगा सासरी कुठे जन्मतो?” पणजोबांच्या आईचे माहेर पुसदकडचे होते, आणि नोंद तेथील बुकात निघाली.

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडील रिवाज इतका परिचयाचा आहे की इतिहासाच्या दृष्टीने त्याला काही अर्थ असेल असे सहसा मनात येत नाही. परंतु स्थलांतराचा इतिहास ज्या कोष्टकांवरून लिहिला जातो, ती कोष्टके मुख्यतः ‘जन्मस्थान’ या एका रकान्यावर उभी आहेत. ज्या समाजात पहिले मूल आईच्या माहेरी जन्मते, त्या समाजात हा रकाना मुलाच्या स्थलांतराविषयी नव्हे, तर आईच्या स्थलांतराविषयी सांगत असतो. मूल दोन-तीन महिन्यांचे झाले की वडिलांच्या गावी येते आणि त्या क्षणापासून शिरगणतीच्या दृष्टीने ते ‘परगावी जन्मलेले’ ठरते. भारतीय शिरगणतीच्या अधिकाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. इ. ए. गेट यांनी १९११ च्या अखिल भारतीय अहवालात स्थलांतराचे जे प्रकार पाडले, त्यांतील शेजारच्या गावी होणाऱ्या किरकोळ स्थलांतराच्या मुळाशी त्यांनी दोन गोष्टी मांडल्या : मुलांसाठी परगावची मुलगी करण्याची हिंदूंची चाल, आणि पहिलटकरणीचे माहेरी जाणे. पुढे २००१ च्या जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये ‘जन्मानंतर स्थलांतर’ हे स्वतंत्र कारण आले. गेट यांच्या निरीक्षणाला रकान्यात जागा मिळण्यास ९० वर्षे लागली!

ई. जी. रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये इंग्लंडच्या शिरगणतीवरून असा सिद्धान्त मांडला होता की, जवळच्या अंतरावर स्थलांतर करण्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा पुढे असतात. तेथे त्या घरकामाच्या किंवा कारखान्यातील नोकरीसाठी जात. आपल्याकडे त्या विवाहामुळे जातात. परंतु आपल्या जिल्ह्यांचे इतिहास लिहिताना ‘स्थलांतर’ म्हटले की डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. बैलगाडी हाकीत आलेला कुणबी, लदणीचे बैल घेऊन आलेला लमाण, खाणीवर आलेला मजूर. स्त्री त्याच्या मागून आली असे गृहीत धरले जाते. यवतमाळ जिल्ह्याच्या गेल्या दीडशे वर्षांकडे पाहता हे गृहीत तपासून घेणे आवश्यक वाटते. किती माणसे आली, यापेक्षा कोण कोणासह आले, या प्रश्नाच्या उत्तरावर विवाहाचे वय, वधूचे अंतर आणि मुलांची संख्या अवलंबून राहिली आहे, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेत आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा पूर्वेकडील मोठा भाग त्यानंतर ‘वूण’, म्हणजे वणी, या नावाने ओळखला जाऊ लागला. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा बाशीम जिल्ह्यातील पुसद हा तालुका त्यास जोडून यवतमाळ जिल्हा अस्तित्वात आला. या नव्या हद्दीत १९०१ च्या शिरगणतीनुसार ५,७५,९५७ माणसे होती आणि क्षेत्रफळ ५,१८३ चौरस मैल होते. म्हणजे दर चौरस मैलास सुमारे १११ माणसे. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. पूर्णा खोऱ्यातील काळ्या, दाट वस्तीच्या पयानघाटाच्या तुलनेने हा डोंगराळ, रानाळ मुलूख विरळ होता, आणि पडीक जमीन मुबलक होती.

ही जमीन लागवडीस आणण्यासाठी १८६० च्या दशकात पडीक जमिनीचे जे नियम झाले, त्यांतून इजाऱ्याची पद्धत आली. ओसाड गाव किंवा रानाचा तुकडा इजारदाराने मुदतीच्या पट्ट्याने घ्यावा, तेथे कुळे वसवावीत व लागवड करवावी, असा हा करार असे. वऱ्हाडात सर्वत्र रयतवारी असताना ही व्यवस्था अपवादात्मक होती, आणि वूण जिल्ह्यात ती विशेष फोफावली. आजही जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावांपुढे ‘इजारा’ हा शब्द चिकटलेला आहे. त्याच दशकात, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. जमीन, भाव आणि वाहतूक या तिन्ही गोष्टी जुळून आल्यामुळे लोक आले, एवढे सर्व पुस्तकांत आहे.

इजारदाराला कोणते कूळ हवे असे, याचा विचार मात्र केला गेलेला नाही. कापूस हे एकट्या पुरुषाचे पीक नव्हे. नांगरणी, वखरणी, डवरणी ही बैलांची व पुरुषांची कामे. परंतु निंदण आणि वेचणी ही वऱ्हाडात पूर्वापार बायकांची कामे आहेत. दोन-तीन निंदणे वेळेवर झाली नाहीत तर शेत तणाने भरते, आणि बोंडे फुटल्यावर वेचणी लांबली तर कापूस मातीत पडतो. रान तोडून नवी वस्ती झालेल्या गावात मजुरीला बायका कोठून मिळणार? म्हणून जे कूळ बायको, भावजय, वयात आलेली मुलगी यांच्यासह येई, तेच टिके. एकटा आलेला माणूस सालदार म्हणून दुसऱ्याच्या घरी राहू शके, खातेदार म्हणून त्याचा निभाव लागणे कठीण होते. या मुलखातील वसाहत कुटुंबांची झाली, याचे कारण कोणाच्या नीतिकल्पनेत नसून कापसाच्या कामाच्या वाटणीत आहे, असे आमचे मत आहे.

कोकणाशी तुलना केली असता हा फरक स्पष्ट होतो. रत्नागिरी जिल्ह्यातून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत गेले, बायका-मुले गावी राहिली आणि मनीऑर्डरीवर घर चालले. त्या इतिहासाची खूण २०११ मध्येही शिल्लक होती. तेथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. यवतमाळात त्याच वर्षी हे प्रमाण ९५२ होते, तर महाराष्ट्राचे ९२९. पती वर्षातून एकदा शिमग्याला किंवा गणपतीला घरी येतो, तेथे दोन मुलांमधील अंतर त्याच्या रजेवर ठरते. पती-पत्नी एकाच शेतात राबतात, तेथे ते अंतर अंगावरच्या दुधावर आणि माहेरच्या मुक्कामावर ठरते. एकाच राज्यातील या दोन जिल्ह्यांना ‘स्थलांतर’ हा एकच शब्द लावून त्याचा जननावर काय परिणाम होतो असे विचारणे व्यर्थ आहे.

माहेरच्या मुक्कामाचा उल्लेख आला, त्याविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. जुन्या पद्धतीत मुलीचे लग्न आणि मुलीचे स्थलांतर या दोन भिन्न घटना होत्या. लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. ती नांदावयास जाई ते वयात आल्यावर. मधली काही वर्षे ती विवाहित परंतु माहेरवासीच असे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी १४ वर्षांची मर्यादा घातली; हा कायदा १ एप्रिल १९३० रोजी अमलात येण्यापूर्वी देशभर लग्नांची घाई उडाली, आणि १९३१ च्या शिरगणतीत बालविवाहितांची संख्या फुगली. परंतु त्या घाईत लग्न झालेल्या सर्व मुली त्याच वर्षी सासरी गेल्या असे समजून जननाचा हिशेब करणारा चुकेल. पुढे मर्यादा १९४९ मध्ये १५ आणि १९७८ मध्ये १८ झाली. तिचा लग्नाच्या तारखेवर जितका परिणाम झाला, तितका पहिल्या बाळंतपणाच्या वयावर झाला नसावा; कारण नांदावयास जाण्याचे वय पूर्वीही लग्नाच्या वयाहून बरेच अधिक होते. मात्र लग्न व पाठवणी एकाच दिवशी होऊ लागल्यावर एक फरक निश्चित पडला. पूर्वी सासर-माहेर अशा येरझारांतून मुलगी हळूहळू सासरची होई. आता ती एका दिवसात स्थलांतरित झाली.

वधू किती दूरवरून आणावयाची, यालाही नियम आहेत. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आप्तसंबंधविषयक इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या सांध्यावर ठेवले आहे : कूळ-देवक टाळावयाचे हे उत्तरेकडे झुकणारे, तर मामाची मुलगी करावयाची हे दक्षिणेकडे झुकणारे. यवतमाळच्या नव्या वस्तीत या दुसऱ्या चालीला वेगळेच महत्त्व आले असावे. जे कुटुंब अमरावतीकडून किंवा दारव्ह्याकडून उठून केळापूरच्या रानात आले, त्याच्या मुलांचे मामा मूळ मुलखातच राहिले होते. मामाची मुलगी करावयाची म्हणजे जुन्या मुलखातून मुलगी आणावयाची. पुरुषांचे स्थलांतर एका पिढीत संपले, तरी वधूंचे स्थलांतर त्याच वाटेने पुढे दोन पिढ्या चालू राहिले, आणि प्रत्येक वधूबरोबर पहिल्या मुलाचा जन्म पुन्हा जुन्या मुलखाच्या बुकात नोंदला गेला. आपल्या घरच्या तीन पिढ्यांची जन्मगावे नकाशावर मांडून पाहावीत. विद्यार्थ्यांना या विधानाची सत्यता, किंवा असत्यता, एका दुपारीत पडताळता येईल.

दुष्काळ आणि साथी यांनी ही व्यवस्था दोनदा हादरवली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची सर्वाधिक झळ ज्या प्रांतांना बसली, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. आणि त्या साथीत बाळंतपणाच्या वयाच्या स्त्रिया मोठ्या प्रमाणावर दगावल्या, हे तिचे वैशिष्ट्य होते. पुढील वर्षी जन्म घटले ते केवळ लोक आजारी होते म्हणून नव्हे. माता उरल्या नव्हत्या म्हणूनही घटले. येथे पाटाची चाल उपयोगी पडली. कुणबी, तेली, माळी, बंजारा इत्यादी समाजांत विधवेला पाट लावण्याची मुभा होती, आणि विधुरांना बायका हव्या होत्या. पाट लावलेली स्त्री बहुधा पुन्हा गाव बदलते. म्हणजे तिच्या आयुष्यात विवाहामुळे होणारे स्थलांतर दोनदा घडते. ज्या जातींत पाट निषिद्ध होता, तेथे तरुण विधवेची अपत्यप्राप्ती तेथेच थांबली.

जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा आहे. १९४८ पर्यंत पलीकडे निजामाचे राज्य होते. आज पलीकडच्या तीरावर काही भाग नांदेडचा व काही तेलंगणातील आदिलाबादचा आहे. किनवट तालुका १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत आदिलाबादकडून इकडे आला. गोंड व कोलाम यांच्या दृष्टीने मात्र नदी ही सीमा कधीच नव्हती. गोंडांची चार, पाच, सहा व सात देवांची कुळे दोन्ही तीरांवर पसरलेली आहेत, आणि सोयरीक देवांची संख्या पाहून ठरते, जिल्हा पाहून नव्हे. त्यांच्यात लमसेना नावाची एक जुनी चाल होती, तिचे वर्णन रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये केले आहे. देज देण्याची ऐपत नसलेल्या तरुणाने भावी सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबावे आणि मग मुलगी मिळवावी. येथे स्थलांतर करतो तो मुलगा. त्याच्या लग्नाचे वय आपोआप वाढते, आणि मुलगी आपल्याच आईच्या घरी, आपल्याच माणसांत, पत्नी व माता होते. स्थलांतर कोणी करावयाचे हे बदलले की बाकीचे सर्व बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण या जिल्ह्यात नाही.

बंजाऱ्यांचा इतिहास सर्वांत गुंतागुंतीचा आहे. लोहमार्ग व पक्क्या सडका होण्यापूर्वी धान्य व मीठ वाहून नेणारे हे लोक बैलांच्या तांड्यासह, बायका-मुलांसह फिरत. त्यांच्यात घर हेच फिरते असल्यामुळे लग्नामुळे गाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता. वधू एका तांड्यातून दुसऱ्या तांड्यात जाई. वाहतुकीचा धंदा बुडाल्यावर पुसद, दिग्रस, दारव्हा या डोंगराळ भागांत तांडे स्थिरावले. पुसदजवळचे गहुली हे त्यांपैकीच एक. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक यांचा जन्म १९१३ मध्ये येथेच झाला. एका नायकाच्या वंशविस्तारातून तांडा वाढतो, म्हणून बहुतेक तांडा एकाच गोताचा असतो, आणि राठोडांच्या तांड्यात वधू पवारांची, चव्हाणांची किंवा जाधवांची, म्हणजे बाहेरचीच असावी लागते. तांडा स्थिर झाला आणि वधूचे अंतर प्रथमच मोजता येऊ लागले. जुन्या पद्धतीत वेतडू, म्हणजे नवरदेव, लग्नानिमित्त वधूच्या तांड्यावर दीर्घकाळ मुक्काम करी. स्थिर शेतीत इतकी सवड कोणाला? तो मुक्काम आखडला. नवलेरीने निरोप घेताना गावयाचा ढावलो मात्र राहिला, कारण वियोग आता अधिक खरा होता.

शिक्षणासाठी झालेले स्थलांतर विवाहाला कोठवर नेऊ शकते, हेही गहुलीच्याच उदाहरणात दिसते. वसंतराव नागपुरास शिकले, आणि १९४१ मध्ये तेथील घाटे या ब्राह्मण कुटुंबातील वत्सलाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी तो दोन्ही बाजूंना मानवला नाही.

१९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातील लंबाडा समाज अनुसूचित जमातींत आला. महाराष्ट्रातील बंजारा मात्र विमुक्त जातींत राहिला. एकच समाज, मध्ये एक नदी, आणि दोन्ही तीरांवर वेगळी सूची. आदिलाबादकडे महाराष्ट्रातून बंजाऱ्यांचा ओघ वाढला आणि गोंडांच्या जमिनींवर त्याचा भार पडला, हे फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. जात जन्माने ठरते, विवाहाने नव्हे. म्हणून पलीकडे दिलेल्या मुलीला सूचीचा लाभ मिळत नाही, परंतु तिच्या मुलाला वडिलांमुळे मिळू शकतो. ती मुलगी पहिल्या बाळंतपणाला अलीकडच्या तांड्यावर आली, तर त्या मुलाचा जन्मदाखला महाराष्ट्राचा होतो. कोतवाल बुकाचा प्रश्न येथे दोन राज्यांमधील प्रश्न होऊन बसतो.

तांड्यांतून ऊसतोडीला, वीटभट्टीला व बांधकामाला जोडपी जातात, त्यांचाही येथे विचार केला पाहिजे. ऊसतोडीत मजुराची गणना माणसावर होत नाही, कोयत्यावर होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल कोयत्यावर मिळते. एकट्या मुलाला अर्धा कोयता धरतात. त्यामुळे हंगामापूर्वी मुलाचे लग्न उरकले की घरात एक पूर्ण कोयता वाढतो. बीड जिल्ह्यात ही गोष्ट विशेष चर्चिली गेली, आणि तेथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची शासकीय चौकशी २०१९ मध्ये झाली. परंतु यंत्रणा सर्वत्र एकच आहे. कोकणातील एकट्या पुरुषाच्या स्थलांतराने पती-पत्नीस दूर ठेवले. जोडप्याच्या स्थलांतराने लग्न अलीकडे ओढले. मुलीला घरी एकटी ठेवून जाणे आईबापांना धोक्याचे वाटते, हे त्यास आणखी एक कारण. आणि पहिलटकरीण फडातच असेल, तर माहेरचे बाळंतपणही होत नाही. आपल्या शिरगणत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. २०११ ची गणनाही फेब्रुवारीतच झाली. ते दिवस गाळपाच्या हंगामाचे असतात.

ज्या स्थलांतराला विवाहाची जोड नाही, त्याचाही परिणाम अपत्यजन्मावर होतो. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या कोलाम-गोंड वस्तीच्या तालुक्यांतील कुमारी मातांचा प्रश्न वृत्तपत्रांत व विधिमंडळात वारंवार आला आहे. ठेकेदार, व्यापारी, रस्त्याच्या व इतर कामांवर आलेले पुरुष काही महिने राहतात आणि निघून जातात. मूल आईच्या घरीच जन्मते व तेथेच वाढते. पित्याचा रकाना कोरा राहतो. कोलामांच्या चालीरीती सैल असल्याने असे होते, असे म्हणणारे लिखाण वाचनात येते. ते आम्हाला मान्य नाही. दोष शोधावयाचा तर तो येणाऱ्याच्या एकटेपणात व त्याला मिळणाऱ्या मोकळिकीत शोधावा. इजारदाराच्या काळी कूळ कुटुंबासह आले नाही तर टिकत नसे. ठेकेदाराच्या मजुराला टिकण्याची गरजच नसते.

गेल्या तीस वर्षांत या चित्राला आणखी एक बाजू आली. महाराष्ट्राचा एकूण जननदर पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १९९२-९३ मध्ये, दर स्त्रीमागे २.९ होता, पाचव्या पाहणीत, २०१९-२१ मध्ये, तो १.७ झाला. कापसाचा खर्च व भाव यांचा मेळ बसेना, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर झाले, आणि २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत हा जिल्हा होता. याच काळात गावोगाव एक तक्रार ऐकू येऊ लागली की शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. मुलीचे आईबाप नागपूर-पुण्याचा नोकरदार पाहतात. ते म्हणतात, आम्ही शेतात खपलो, तिने खपू नये. दीडशे वर्षांपूर्वी याच मुलखात निंदण-वेचणीला हात हवेत म्हणून बायको असलेला माणूस हवा होता. आज त्याच निंदण-वेचणीपासून सुटका हवी म्हणून मुलगी दूर दिली जाते. जमीन ज्याच्या नावावर, तो मुलगा गावी राहतो व तिशी उलटली तरी अविवाहित राहतो. बहीण मात्र पुण्याच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला यवतमाळच्या रुग्णालयात येते, आणि तिच्या मुलाच्या जन्माची नोंद येथेच होते.

२०११ नंतरची गणना २०२१ मध्ये झाली नाही. ती होईल तेव्हा या जिल्ह्याच्या कोष्टकात ‘जन्मानंतर स्थलांतर’ या सदराखाली किती मुले पडतात, आणि त्यांच्या माता कोणत्या गावच्या लेकी आहेत, हे पाहण्यासारखे ठरेल. तोपर्यंत जुनी कोतवाल बुके वाळवीने खाण्याआधी तालुक्यातालुक्यातून उतरवून घेण्याचे काम विभागातील विद्यार्थ्यांना करण्यासारखे आहे; त्यासाठी प्रथम पुसद व दारव्हा ही बुके समोरासमोर ठेवावीत, असे सुचवावेसे वाटते.